हात जाईल तिथं खिसा

मास्तरांकडे जाकीट शिवायला टाकलं, की पहिले सात दिवस त्याला एकही खिसा लागत नसे. कापड बेतून पाठ-पोट जोडलेलं कोरं जाकीट ते गिऱ्हाइकाच्या अंगात चढवत आणि म्हणत, "सात दिवस संध्याकाळी दहा मिनिटं येत जा. मंग पाहू."

"अन् खिसे?"

"खिसे तुमचा हात सांगन."

गिऱ्हाईक नवीन असेल तर इथेच वाद सुरू व्हायचा. कारण येणारा माणूस मोबाईलमध्ये फोटो घेऊन आलेला असायचा. कुणी परदेशी गडी, छातीवर ओळीने सहा पाऊच, कमरेला दोन, खांद्यावर एक. "मास्तर, डिट्टो असं पाहिजे." मास्तर चष्मा कपाळावर सरकवून फोटो बराच वेळ पाहत. मग विचारत, "ह्या माणसाचा हात तुमच्या खांद्याले लावून देलता का देवानं?" निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत जात. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे.

हे अकोल्याचं. माझं घर अमरावतीला, पण गोदामांतला धान्यसाठा मोजून तपासायचं माझं काम, आणि त्या कामावर तीन वर्षं आठ महिने अकोल्यात होतो. सोमवारी सकाळी यायचं, शनिवारी संध्याकाळी जायचं. जुन्या शहरात मास्तरांच्या दुकानावरची खोली मी भाड्याने घेतली होती. खाली रस्त्याला लागून दुकान, मागे मास्तरांच्या दोन खोल्या आणि एक फरशीचा ओटा. मास्तर मूळचे कुशनवाले. स्कूटरची सीट, कूलरची कव्हरं, ट्रॅक्टरच्या ताडपत्र्या, असलं जाड कापडाचं काम. जाड सुया आणि मेण लावलेला दोरा.

जाकिटाचं प्रकरण एअरसॉफ्टमुळे आलं. एअरसॉफ्ट म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या बंदुकांनी खेळायची लढाई. सहा मिलिमीटरचे प्लास्टिकचे छर्रे असतात. छर्रा लागला की ज्याला लागला त्याने स्वतःच हात वर करायचा, "मेलो" म्हणायचं आणि बाहेर येऊन बसायचं. पंच नसतो, सगळा प्रामाणिकपणावर कारभार. आमच्या कचेरीतले पाच जण रविवारी हा खेळ खेळायचे. मूर्तिजापूरजवळ कापसाचं एक बंद पडलेलं जिनिंग होतं, तिथे अकोल्याची आणि अमरावतीची माणसं जमत. मूर्तिजापूर दोन्ही गावांच्या साधारण मध्ये, म्हणून कुणाची तक्रार नसे. वजन वाढलंय म्हणून बायकोनेच मला ढकललं. तेव्हा माझं वय शेहेचाळीस आणि वजन ब्याऐंशी किलो होतं.

खेळायला जाकीट लागतं. त्याच्यावर छर्रे भरलेली मॅगझिनं, पाण्याची बाटली, शिट्टी, रुमाल ठेवायचे खिसे असतात. विकतच्या जाकिटाला आडव्या पट्ट्या येतात, पाऊच हवे तिथे अडकवता येतात, हवे तेव्हा हलवता येतात. मास्तरांना हे हलवणं मुळीच मान्य नव्हतं. "खिसा हालला का हात येडा होते," असं ते म्हणत.

माझी परीक्षा अशी झाली. संध्याकाळी सहाला मी कोरं काळं जाकीट घालून दुकानातल्या स्टुलावर बसायचो. मास्तर माझ्या दोन्ही तळहातांना खडूची पूड चोळायचे. मग गप्पा सुरू. गोदामात उंदीर किती, साहेब कसा आहे, अमरावतीला पाऊस झाला का. आणि बोलता बोलता मध्येच ते ओरडायचे, "शिट्टी!" माझा हात दचकून कुठेतरी जायचा आणि काळ्या कापडावर पांढरा ठसा उठायचा. "छर्रे!" "पाणी!" "रुमाल!" प्रत्येक ठशाभोवती ते कच्च्या टाक्याचं वर्तुळ घालत. सात दिवसांत माझे अठ्ठावीस ठसे झाले. मी मोजले. त्यातले एकोणीस डाव्या बाजूला होते.

"तुमचा हात डावीकडंच काहून जाते जी?" मास्तरांनी विचारलं.

"सवय असेल. शर्टाचा खिसा डावीकडे असतो. मोबाईल तिथे असतो."

"हं. घरच्यायचा फोन."

अमरावतीहून रोज साडेआठला फोन यायचा. मास्तरांना ते वरच्या फरशीवरून ऐकू जात असणार.

त्यांनी बहुतेक सगळं डावीकडे शिवलं. मी माझ्या सवयीप्रमाणे वर खोलीत नेऊन स्वयंपाकाच्या काट्यावर एकेक वस्तू तोलली. डावी बाजू अकराशे ऐंशी ग्रॅम, उजवी सातशे चाळीस. चारशे चाळीस ग्रॅमचा फरक. मी खाली जाऊन सांगितलं, की दोनशे वीस ग्रॅम उजवीकडे घेतलं म्हणजे दोन्ही बाजू समान होतात.

"खेळणार तुमी का तुमचा काटा?"

"पाठीवर ताण येईल ना मास्तर."

"येऊ द्या. पाठ मुकी असते, सहन करते. हात तसा नाई."

मी ऐकलं नाही. दोन मॅगझिनांचा खिसा उसवून मीच ओबडधोबड टाक्यांनी उजवीकडे लावला. त्या रविवारी जिनिंगच्या पडक्या भिंतीमागे दबा धरून बसलो असताना समोरून अमरावतीचा एक जाडा वकील आला. माझं मॅगझिन संपलं होतं. हात डावीकडे गेला, तिथे पाण्याची बाटली होती, तीच मी घाईत उपसली. वकिलाने मला छातीत तीन छर्रे मारले आणि म्हणाला, "पाणी प्या साहेब, दमले तुम्ही." आठवडाभर कचेरीत मला पाणी आणून देण्यात येत होतं.

मास्तरांना हे कळल्यावर ते हसले नाहीत. त्यांनी मुकाट्याने खिसा परत डावीकडे शिवला. दोरा दाताने तोडताना म्हणाले, "तुमच्यावर चुकलं तर तुमी खेळात मरता. मले अशा ठिकाणी शिवाचं हाय, का तिथं चुकलं तर माणूस जित्तं हारवते."

त्यांची बायको विसरायला लागली होती. तीस वर्षं नर्सबाई म्हणून नोकरी झाली होती त्यांची, शेवटची बरीच वर्षं हिवरखेडच्या बाजूला. खेड्यांतून फिरून लेकरांना लस द्यायची, बाळंतिणी पाहायच्या. मास्तरही त्यांना बाईच म्हणत. आता बाई सकाळी उठून तयार होत आणि वस्तू शोधायला लागत. कापसाच्या बोळ्यांची स्टीलची डबी, थर्मामीटर, कात्री, दवाखान्याच्या किल्ल्या. वस्तू घरातच असत. पण बाईंचा हात स्वतःच्या अंगावर जिथे चाचपायचा, तिथे काही नसे. हात रिकामा परत आला, की त्या घाबरत, आणि एकदा घाबरल्या की दिवसभर सावरत नसत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हे थांबणार नाही. मास्तरांना ते थांबवायचं नव्हतंच. त्यांना फक्त बाईंचा हात रिकामा परत येऊ द्यायचा नव्हता.

खेळणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी पहिलं फाटकं जाकीट दुरुस्तीला आणलं, तेव्हा त्यांना ही युक्ती दिसली. आमची सगळ्यांची जाकिटं म्हणजे त्यांचा सराव होता. असं त्यांनी तोंडाने कधी सांगितलं नाही. पण आमच्यापैकी कुणाचा खिसा एक बोट जरी चुकला, तरी ते रात्रीचं जेवण टाकून बसत, ते कशासाठी हे मला मग समजलं.

बाईंचं जाकीट त्यांनी दीड महिना शिवलं. पांढऱ्या सुती कापडाचं, साडीवर घालता येईल असं. त्यावर पांढरा खडू दिसेना, म्हणून निळा वापरला. ते तयार झाल्यावर बाई ओट्यावर ताठ बसू लागल्या. मी सकाळी जिन्यावरून उतरलो की हाक यायची.

"ओ भाऊ, इकडं या. बाही वर करा."

मी बाही वर करायचो. बाईंचा हात न चाचपडता थेट डाव्या कमरेच्या खिशात जायचा, डबी निघायची, बोळा निघायचा. दंड पुसून त्या चिमटा काढायच्या.

"झालं. रडू नका. एवढा मोठा घोडा झाला अन् रडते."

"दुखलं बाई."

"दुखनच. आज अंगोळ नका करू. मास्तर, यायच्या नावापुढं खूण करा."

मास्तर दुकानातून ओरडायचे, "केली जी!" हे रोज चालायचं. माझं हिशेबाने शंभरावर लसीकरण झालं असेल. आज अमरावतीला सकाळी जिना उतरताना कुणी हाक मारत नाही. दंड तसाच कोरडा राहतो आणि मी कामाला जातो.

मास्तरांच्या बाकीच्या तऱ्हा सांगायच्या तर पुष्कळ आहेत. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप ते घेत नसत, दंडाचं आणि बोटांचं घेत. हस्तांदोलन करून सांगत, "तुमी चष्मा डोक्यावर ठेऊन शोधत असान." बहुतेक वेळा ते खरं निघे. दुकानात त्यांची स्वतःची कात्री कधी सापडत नसे. दुसऱ्यांचे खिसे जागेवर लावणारा हा माणूस स्वतः पँटच्या एकाच खिशात मेण, सुया, तंबाखू आणि सुटे पैसे एकत्र ठेवायचा. मी ते बोलून दाखवलं, तर म्हणाले, "माझ्यावाल्या हाताले कुठी जायाची घाई हाय?"

आता एक चूक सांगतो. ती माझी आहे.

जाकीट मिळून चारेक महिने झाले असतील. बाई चालताना डावीकडे कलायला लागल्या. दोनदा उंबरठ्याला अडखळल्या. एकदा पडता पडता मी धरलं. या वयात खुबा मोडला तर माणूस उठत नाही, हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिलं होतं. मी मास्तरांना विचारून जाकीट वर नेलं आणि तोललं. डावी बाजू सहाशे दहा ग्रॅम. उजवी एकशे नव्वद. डबीचं वजन दोनशे दहा. म्हणजे नुसती डबी उजवीकडे घेतली की दोन्हीकडे बरोबर चारशे. एक ग्रॅमही इकडे-तिकडे नाही. इतकं नीट जमलेलं गणित पाहून मला आनंद झाला होता, हे मी लपवत नाही.

"मास्तर, माझं जाकीट वेगळं. मी पडलो तर उठेन. बाई पडल्या तर?"

मास्तर बराच वेळ जाकिटाकडे पाहत राहिले. त्या आठवड्यात त्यांची झोप झाली नव्हती. बाई पहाटे तीनला उठून तयार होत होत्या.

"तुमाले बराबर वाटून राहिलं?"

"गणित बरोबर आहे."

"गणित मले नाई समजत," ते म्हणाले. पण त्यांनी डबीचा खिसा उसवला आणि उजवीकडे शिवला.

दुसऱ्या दिवशी मी गोदामात असताना अकरा चाळीसला त्यांचा फोन आला. "बाई घरात नाई."

मी निघून आलो. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. मास्तर एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. दवाखाना, देऊळ, भाजीबाजार सगळं पाहिलं. शेवटी दोघं मिळून बसस्टँडवर गेलो, तिथे सापडल्या, दोनला दहा मिनिटं कमी असताना. घरापासून स्टँड दीड किलोमीटर आहे. त्या पायात काही न घालता तेवढं चालल्या होत्या. बाकावर बसून डाव्या कमरेवर हात फिरवत होत्या, पुन्हा पुन्हा, एकाच जागी. तिथलं सुती कापड मळून काळं झालं होतं. उजव्या बाजूला डबी होती, तिच्याकडे हात एकदाही गेला नव्हता.

"हिवरखेडची गाडी लागली का?" त्यांनी मला विचारलं. "माझी डबी कोनं नेली. पोरं उन्हात बसली असतीन रांगेत."

"बाई, चला घरी," मास्तर म्हणाले.

"तुमी कोण?"

"मी मास्तर. शिवणकामवाला."

"शिवणकामवाले हा? मंग माझा खिसा कोनं उसवला थे सांगा."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला ते सहन झालं नाही.

"मी, बाई. माझ्या सांगण्यावरून उसवला."

"काहून?"

"दोन्हीकडे सारखं वजन व्हावं म्हणून."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या क्षणी त्या पूर्ण शुद्धीत होत्या असं मला आजही वाटतं. "सारखं कुठी असते, बापा?" त्या म्हणाल्या. "जुळ्यायचं वजन बी सारखं भरत नाई. म्या किती तोलले."

रिक्षात त्या मास्तरांच्या आणि माझ्या मध्ये बसल्या होत्या आणि पूर्ण रस्ताभर हात डाव्या कमरेवर होता.

मास्तरांनी त्याच दुपारी खिसा परत जागेवर लावला. तोच दोरा, तीच भोकं. पण बाईंनी जाकीट अंगात घालू दिलं नाही. "हे माझं नोय," म्हणून ढकललं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. मास्तरांनी नवं शिवून पाहिलं, तेही ढकललं. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मी संध्याकाळी खाली जायचं टाळू लागलो, तर चौथ्या दिवशी त्यांनी जिन्याखालून हाक मारली, "ओ साहेब, उपाशी राहून काटा हलका होत नाई. चा प्याले या."

पंधरा-वीस दिवसांनी एक गंमत झाली. बाईंना दाखवायला म्हणून मास्तरांनी त्यांचं जाकीट स्वतःच्या अंगात घातलं. छातीला बसेना, बंद सोडूनच घातलं. वाकून मशीनवर काम करत होते. बाई मागून आल्या, मास्तरांच्या पाठीवर डावीकडे हात ठेवला आणि चाचपलं. मास्तर तसेच स्तब्ध राहिले. मग त्यांनी मला हाक मारली. हळू, लहान आवाजात, जसं कुणी चिमणी आली म्हणून हाक मारतं.

त्या संध्याकाळपासून ते स्वतःच ते जाकीट घालून फिरू लागले. बाजारात, दवाखान्यात, पिठाच्या गिरणीवर. आधी त्यांनी ते आपल्या मापाने मोठं करून घेतलं. बाई त्यांच्या मागे अर्धं पाऊल चालत. त्यांच्या हाताला निळी पूड लावलेली. अकोल्यातले लोक हसत. "मास्तर, बँडवाले झाले का?" मास्तर म्हणत, "हो जी. लग्न असन तर सांगजा." पण स्वतःची पाठ त्यांना दिसत नव्हती. रोज रात्री जेवणाआधी ते माझ्याकडे पाठ करून उभे राहत आणि मी टेप लावून ठसे मोजत असे.

"ग्रॅम नका सांगू बरं. सेंटीमीटर सांगा."

"डाव्या खांद्यापासून खाली सतरा. कण्यापासून सहा. काल साडेसोळा आणि सहा होतं."

"सातवा दिवस हाय. सतरावर करू?"

"सतरावर करा."

तिथे, त्यांच्या पाठीवर, डबीचा खिसा शिवला गेला. नंतर किल्ल्यांचा आणि थर्मामीटरचाही. बाई मागून हात घालत, डबी काढत, बोळा काढत, वाटेतल्या कुणाच्याही दंडाला लावत, डबी परत ठेवत. मास्तर चालायचे थांबत आणि ते झालं की पुढे निघत. पूर्ण एक वर्ष आणि थोडे दिवस मी हे पाहिलं. माझ्या सांगण्याने त्यांनी केलेलं एक काम बिघडलं, एक जमलं.

मग माझी बदली अमरावतीला झाली. ज्या बदलीसाठी मी तीन अर्ज दिले होते तीच. बायको, घर जवळ आलं, रात्री साडेआठच्या फोनची गरज उरली नाही. सगळं मिळालं. तरी संध्याकाळी सहाच्या सुमारास मला काही सुचत नाही. रविवारी खेळायला जातो, पण जिनिंगच्या भिंतीमागे बसल्यावर मागच्या बाजूला कुणीतरी "शिट्टी!" म्हणून ओरडावं असं वाटतं. आता मास्तर मुलीकडे सुरतला राहायला गेलेत आणि अकोल्यातल्या त्यांच्या दुकानात दुसराच कुणी मोबाईलची कव्हरं विकतो. फोन केला तर "हो, बरं हाय" यापलीकडे ते बोलत नाहीत. फोनवर त्यांचं काही खरं नव्हतंच. त्यांना समोरचा माणूस हात लावून पाहावा लागे.

ते सुरतला जायच्या आधी एकदा मी अकोल्याला गेलो होतो. बाई वारल्याचं मला तेरावा होऊन गेल्यावर कळलं, म्हणून गेलो. दुपारची वेळ होती. मास्तर ओट्यावर बसले होते. अंगात ते जाकीट होतं.

मी शेजारी बसलो. मग मी विचारलं, "डबी?"

"मागं हाय."

"काढली नाही?"

"माझा हात पोचत नाई तिथं."

जाकीट उतरवलं असतं तर पोचला असता. ते मला कळत होतं आणि त्यांनाही.

"मी काढून देऊ?"

ते उठले आणि रोजच्यासारखे माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी खिशात हात घातला. डबी थंड होती. हलवली तर आत कापूस सरकल्याचा आवाज आला.

"हाय का जागेवर?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मंग राहू द्या," ते म्हणाले, आणि पाठ तशीच ठेवून उभे राहिले.